सबबी काढून घेणारं तत्त्वज्ञान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेही अशा काळात, जेव्हा दुसऱ्या कुठल्या विषयाला प्रवेश मिळाला नाही म्हणून मुलं तत्त्वज्ञानाच्या वर्गात येऊन बसत. संयोजकांनी मला सांगितलं, विषय अस्तित्ववाद घ्या. पण समोरच्यांनी त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही असं धरून बोला. ही अट मला आवडली. थोडंसं वाचलेल्यांपेक्षा काहीच न वाचलेल्यांशी बोलणं सोपं असतं.

थोडंसं वाचलेल्यांच्या मनातलं चित्र ठरलेलं आहे. दाढी वाढलेला, सिगारेट ओढणारा, जगण्याला काही अर्थ नाही असं म्हणत खिडकीबाहेर बघत बसलेला एक तरुण. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या महाविद्यालयांत असे तरुण दिसत, आणि त्यांतले बरेचसे पुढे बँकेत व्यवस्थित निवृत्त झाले. माझं म्हणणं असं की, या तत्त्वज्ञानाशी त्या खिडकीतल्या तरुणाचा फारसा संबंध नाही. ते त्याला उठवतं आणि विचारतं, बाबा रे, बसून राहायचं हे तू ठरवलंस ना? मग ते तुझ्या खात्यावर. परिस्थिती, स्वभाव, संस्कार, नशीब, देवाची इच्छा अशा ज्या सबबींच्या आड आपण उभे असतो, त्या एकेक करून काढून घेणं हा या विचाराचा मुख्य उद्योग आहे. तो कुठवर न्याय्य आहे आणि कुठे अन्याय्य होतो, हे आज बघू.

२९ ऑक्टोबर १९४५ या दिवशी पॅरिसमध्ये एक व्याख्यान झालं. वक्ता ज्याँ-पॉल सार्त्र, वय चाळीस. अस्तित्ववाद हा मानवतावादच आहे, असं त्याला सांगायचं होतं. गर्दी इतकी लोटली की रेटारेटीत खुर्च्या मोडल्या आणि गुदमरून काही जणांना घेरी आली. बोरिस व्हियाँ या लेखकाने दोनच वर्षांनी एका कादंबरीत या प्रसंगाची यथेच्छ टिंगल केली. त्याच्या कादंबरीतला व्याख्याता चक्क हत्तीवरून येतो. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाला खुर्च्या मोडतात, याचा इथल्या संयोजकांना हेवा वाटत असेल. पण त्या गर्दीचं कारण हेवा वाटण्यासारखं नव्हतं.

जून १९४० ते ऑगस्ट १९४४ अशी चार वर्षं पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. सभागृहातल्या प्रत्येकाने त्या काळात काही ना काही केलं होतं, किंवा करायचं टाळलं होतं. कुणी शेजाऱ्याची चुगली करणारी निनावी पत्रं पोलिसांना लिहिली होती, कुणी ज्यू मुलं घरात लपवली होती, आणि बहुतेकांनी खाली मान घालून रेशनच्या रांगेत दिवस काढले होते. व्याख्यानाच्याच वर्षी, म्हणजे १९४५ मध्ये, ६ फेब्रुवारीला रोबेर ब्राझियाक या लेखकाला देशद्रोहाबद्दल गोळ्या घालण्यात आल्या. त्याचा गुन्हा मुख्यतः लेखणीचा होता. तो नाझींच्या बाजूने लिहीत होता. त्याचा देहदंड माफ व्हावा म्हणून लेखकांनी दयेचा अर्ज केला. त्यावर आल्बेर काम्यूने सही केली. त्या माणसाचा त्याला तिटकारा होता, पण देहदंडालाही त्याचा विरोध होता. सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर यांनी सही केली नाही. लेखकाचा शब्द ही कृतीच असते आणि कृतीची किंमत मोजावी लागते, अशी त्यांची भूमिका. दोन्ही बाजू नीट विचार करून घेतलेल्या होत्या. ‘मी काय करणार, परिस्थितीच तशी होती’ हे वाक्य त्या शहरात तेव्हा घरोघरी बोललं जात होतं. ते वाक्य खरं आहे का, हे ऐकायला लोक आले होते.

पण ही कथा पॅरिसमध्ये सुरू होत नाही. शंभर वर्षं मागे, कोपनहेगनला जावं लागतं. सोरेन किर्केगार्द, जन्म १८१३. त्या काळी युरोपातल्या विद्यापीठांवर हेगेलचं राज्य होतं. इतिहास, राज्य, धर्म, कला या सगळ्यांना एका प्रचंड इमारतीत जागा देणारं ते तत्त्वज्ञान. किर्केगार्दची तक्रार साधी होती: एवढ्या इमारतीत मी कुठे राहू? १८४० मध्ये त्याने रेगिने ओल्सन या मुलीशी वाङ्‌निश्चय केला आणि वर्षभरात मोडला. का मोडला, यावर शेकडो पानं लिहिली गेली आहेत. त्यातली बरीच त्याने स्वतःच लिहिली. लग्न करावं की न करावं, या प्रश्नाचं उत्तर हेगेलच्या कुठल्याही खंडात सापडत नाही, हा धडा मात्र त्याला पक्का मिळाला.

त्याचा खरा राग होता तो डेन्मार्कच्या चर्चवर. तिथे जन्मलेलं प्रत्येक मूल आपोआप ख्रिश्चन. बाप्तिस्म्याचा दाखला मिळाला की झालं. किर्केगार्द स्वतः श्रद्धाळू होता, आणि म्हणूनच हे त्याला सहन होत नसे. श्रद्धा वारशाने कशी मिळेल? १८४३ च्या एका पुस्तकात त्याने बायबलमधली अब्राहमची गोष्ट घेतली. देव त्याला सांगतो, मुलाचा बळी दे. अब्राहम मुलाला घेऊन डोंगराकडे निघतो, तीन दिवसांचा प्रवास. किर्केगार्द त्या तीन दिवसांपाशी थांबतो. ऐकलेला आवाज देवाचाच होता, हे अब्राहमला कोण सांगणार? बायकोला सांगता येत नाही, मुलाला सांगता येत नाही, शेजारच्याला विचारायची सोय नाही. निर्णय त्याचा एकट्याचा आहे आणि तो चुकीचा असेल तर तो खुनी आहे. प्रवचनकार ही गोष्ट दहा मिनिटांत सांगून श्रोत्यांना घरी पाठवतो, आणि श्रोत्यांना झोप लागते, याचं किर्केगार्दला आश्चर्य वाटे.

पुढल्याच वर्षी त्याने चिंतेवर पुस्तक लिहिलं. कड्याच्या टोकावर उभं राहिलं की घेरी येते. पाय घसरेल ही भीती झाली. पण तिच्या तळाशी आणखी काही असतं. मला उडी मारता येईल, मला अडवणारं कुणी नाही, ही जाणीव. त्या दुसऱ्या गोष्टीला तो चिंता म्हणतो. भीतीला बाहेर कारण असतं, चिंतेचं कारण आपणच. पुढच्या सगळ्या अस्तित्ववाद्यांनी हा मुद्दा त्याच्याकडून घेतला आहे. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, चर्चशी छापील भांडण चालू असतानाच, तो रस्त्यात कोसळला आणि काही आठवड्यांनी वारला.

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेकडून मी लवकर पुढे जाणार आहे, कारण तो अस्तित्ववादात मावत नाही. एवढंच ध्यानात ठेवा की, १८८२ च्या पुस्तकात तो ज्या वेड्याला भरदिवसा कंदील घेऊन बाजारात पाठवतो, त्याची खंत देव गेल्याची आहे, तशीच लोकांना त्याचा अर्थ न कळल्याची आहे. देवावरचा विश्वास उडाला, पण देवाच्या आधारावर उभी असलेली नीती मात्र जशीच्या तशी वापरायची, हा कारभार फार दिवस चालणार नाही असं त्याचं म्हणणं.

दुसरा जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर, त्याच्यापाशी मात्र अडखळावं लागतं. १९२७ च्या त्याच्या ग्रंथात एक जबरदस्त निरीक्षण आहे. आपण बहुतेक वेळा ‘आपण’ म्हणून जगतच नाही. चारचौघं वाचतात ते वाचतो, चारचौघांना धक्कादायक वाटतं त्याचा धक्का घेतो. मरणाबद्दलसुद्धा बोलतो ते ‘माणसं मरतात’ असं. जणू तो माणूस दुसरा कुणीतरी. आणि मरण ही एकच गोष्ट अशी की, ती माझ्याऐवजी दुसरा कुणी करू शकत नाही. इतकं लिहिणारा हा माणूस १९३३ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात नाझी पक्षात दाखल झाला. युद्ध संपेपर्यंत तो सभासद होता. त्याच देशात कार्ल यास्पर्स नावाचा तत्त्वज्ञ होता, मुळात मनोविकारतज्ज्ञ. त्याची पत्नी ज्यू होती. तिला सोडायला त्याने नकार दिला, १९३७ मध्ये त्याची प्राध्यापकी गेली आणि पुढची वर्षं दोघांनी टांगत्या तलवारीखाली काढली.

नवख्याने ही जोडी सुरुवातीलाच लक्षात ठेवावी असं मला वाटतं. ‘माझा निर्णय मी स्वतः, जाणीवपूर्वक घेतला’ एवढ्याने तो निर्णय चांगला ठरत नाही. कर्मठ नाझीसुद्धा अगदी जाणीवपूर्वक नाझी असू शकतो. अस्तित्ववादाच्या भिंतीतलं हे सगळ्यात मोठं भगदाड आहे. ते बुजवायचा प्रयत्न कुणी केला, ते पुढे येईल.

आता सार्त्र. १९४५ च्या व्याख्यानात त्याने कागद कापायच्या सुरीचं उदाहरण दिलं. सुरी बनवणाऱ्याच्या डोक्यात ती कशासाठी हे आधी असतं, मग सुरी तयार होते. माणसाचं उलट आहे. तो आधी जन्माला येतो, जगात टाकला जातो, आणि आपण कशासाठी हे त्याच्या करण्यातून ठरत जातं. भित्रा म्हणून कुणी जन्मत नाही. भित्रेपणाने वागतो तो भित्रा, आणि उद्या तो वेगळं वागू शकतो. ऐकायला हे आशादायक वाटतं; पण व्याख्यानानंतर लोक चिडले ते याच भागावर, असं माझं वाचन आहे. कारण ‘माझा स्वभावच असा आहे’ ही सबब गेली की माणसाजवळ फार थोडं उरतं.

त्या व्याख्यानातलं दुसरं उदाहरण अधिक मोलाचं. युद्धकाळात सार्त्रचा एक विद्यार्थी त्याच्याकडे सल्ला मागायला आला. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला. वडील आईपासून दुरावलेले आणि जर्मनांकडे झुकलेले. आईला आता या मुलाशिवाय कुणी नाही. मुलाला इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हायचंय. गेला तर आई खचणार. आणि इंग्लंडपर्यंत पोचेलच याचा भरवसा नाही, वाटेत स्पेनच्या छावणीत अडकून पडेल किंवा पोचून कचेरीत कागद खरडत बसेल. राहिला तर एका माणसाचं नक्की भलं होईल, पण देशासाठी मेलेल्या भावाकडे पाठ फिरवल्यासारखं होईल. ख्रिस्ती नीती सांगते, शेजाऱ्यावर प्रेम कर. शेजारी कोण, आई की सैनिक? कांट सांगतो, माणसाला साधन म्हणून वापरू नका. आईपाशी राहिलो तर लढणाऱ्यांना साधन केलं, गेलो तर आईला. मन सांगतं ते करावं, तर मन काय सांगतं हे करून बघितल्याशिवाय कळत नाही.

सार्त्रने उत्तर दिलं, तू मोकळा आहेस, ठरव. बऱ्याच जणांना ही हात झटकायची तऱ्हा वाटते. मला तसं वाटत नाही. पुढे तो जे म्हणतो ते बारकाईने ऐकण्यासारखं आहे. सल्ला मागायला कुणाकडे जायचं, हे निवडतानाच माणसाने उत्तर निवडलेलं असतं. तो मुलगा धर्मगुरूकडे गेला असता, तर कोणत्या? काही धर्मगुरू जर्मनांना मिळालेले होते, काही भूमिगतांना. ज्याचं उत्तर आपल्याला हवं असतं, त्याच्याचकडे आपण प्रश्न घेऊन जातो. तुम्ही शेवटचा सल्ला कुणाचा घेतला, ते आठवून पाहा.

अशा व्याख्यानानंतर एक गृहस्थ हमखास भेटतात आणि म्हणतात, हे सगळं गीतेत आलेलंच आहे. अर्जुनालाही हाच पेच होता, आणि अठरा अध्याय सांगून झाल्यावर कृष्णानेही, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर, असंच म्हटलं आहे. साम्य खरं आहे. पण कृष्णाने त्याआधी अर्जुनाला त्याचा स्वधर्म सांगितला आहे. क्षत्रिय म्हणून त्याचं काम त्याच्या जन्माआधीपासून ठरलेलं आहे. नेमकं तेच सार्त्रला मान्य नाही. दोघांना एका पंक्तीला बसवण्याच्या घाईत दोघांचंही म्हणणं हरवतं.

सबबींमागे लपण्याच्या सवयीला सार्त्र आत्मवंचना म्हणतो. १९४३ च्या मोठ्या ग्रंथातलं त्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. कॅफेमधला एक वेटर. चालतो जरा जास्तच झपझप, वाकतो जरा जास्तच अदबीने, ट्रे तोलतो कसरतपटूसारखा. तो वेटर ‘असण्याचं’ नाटक करतो आहे, दगड जसा दगड असतो तसा आपण वेटर आहोत असं स्वतःलाही पटवतो आहे, म्हणजे मग उद्या पहाटे उठायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. आपल्या ओळखीत असे ‘साहेब’, अशा ‘आदर्श गृहिणी’, असे ‘कवी’ आहेतच.

पण हे उदाहरण मला पहिल्यापासून खटकत आलं आहे. सार्त्र टेबलाशी बसून लिहितो आहे आणि वेटर उभा आहे. वेटर अदब दाखवतो कारण ती दाखवली नाही तर मालक त्याला काढून टाकेल. तो स्वतःला फसवत असेलच असं नाही. कदाचित तो गिऱ्हाइकाला फसवतो आहे, आणि त्याचेच त्याला पैसे मिळतात. माणूस नेहमीच पूर्ण स्वतंत्र असतो, अगदी कैदेतसुद्धा, हे सार्त्रचं तेव्हाचं मत. ते त्याने स्वतः युद्धकैदी म्हणून काही महिने काढल्यावर मांडलं आहे, हे मान्य करू. तरीही ते पुरुषाचं, शिकलेल्याचं, पोटाची भ्रांत नसलेल्याचं मत आहे. पुढे १९६९ च्या एका मुलाखतीत, आपण असलं काही खरंच मानत होतो याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

हे त्याला आधीच कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. १९४० च्या सुमाराला बोव्हुआरने त्याच्याशी यावरूनच वाद घातला होता. आपल्या आत्मचरित्रात तिने तो नोंदवला आहे. तिचा प्रश्न होता, जनानखान्यात कोंडलेली बाई कसली स्वतंत्र? सार्त्र म्हणाला, तीही आपली कोंडी वेगवेगळ्या रीतीने जगू शकते. बोव्हुआरचं समाधान झालं नाही. १९२९ च्या तत्त्वज्ञानाच्या राष्ट्रीय स्पर्धापरीक्षेत तो पहिला आला होता आणि ती दुसरी. ती एकवीस वर्षांची होती, आणि तो आदल्या वर्षी नापास झाला होता. पुढे कित्येक वर्षं तिचा उल्लेख त्याची सखी, त्याची शिष्या असाच होत राहिला. माझ्या मते अस्तित्ववादात शहाणपण कुणाकडे अधिक होतं, तर तिच्याकडे.

मघाशी जे भगदाड म्हटलं, ते बुजवायला ती बसली. १९४७ च्या छोट्या पुस्तकात तिचा युक्तिवाद असा: मी स्वतंत्र आहे याला अर्थ तेव्हाच, जेव्हा माझ्या कृतीला प्रतिसाद देणारी दुसरी स्वतंत्र माणसं जगात आहेत. गुलामांच्या टाळ्यांना किंमत नसते. म्हणून दुसऱ्याचं स्वातंत्र्य हिरावणारी निवड ही माझ्याच स्वातंत्र्याच्या मुळावर येते. युक्तिवाद बिनतोड आहे असं मी म्हणणार नाही, पण हायडेगरच्या निवडीला चूक म्हणायला त्यात जागा आहे. दुसरं म्हणजे, सबबीत आणि खऱ्या अडचणीत तिने फरक केला. आपली स्थिती बदलता येते हे ज्याला माहीतच होऊ दिलेलं नाही, त्याच्यावर आत्मवंचनेचा आरोप ठेवता येत नाही. शक्यता दिसल्यावर ती नाकारली, तर मात्र दोष त्याचा.

दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, ‘द सेकंड सेक्स’ आलं. फ्रान्समध्ये बायकांनी पहिलं मतदान केलं होतं ते १९४५ मध्ये. नवऱ्याच्या हरकतीला न जुमानता नोकरी करायचा आणि स्वतःचं बँक खातं उघडायचा हक्क विवाहितेला मिळाला तो १९६५ मध्ये. त्या दोन सालांच्या मधे हे पुस्तक उभं आहे. बाईपण हे निसर्गाने दिलेलं तयार सार नाही, ते घडवलं जातं, हे तिने जीवशास्त्रापासून परीकथांपर्यंत आणि माहेरच्या खेळण्यांपासून म्हातारपणापर्यंत दाखवलं. सार्त्रची सुरी तिने खऱ्या माणसांवर चालवून बघितली. आणि तिने बायकांनाही सोडलं नाही. दुसऱ्याने आपलं आयुष्य ठरवण्यात एक सुख असतं, जबाबदारी टळते. त्या सुखाची चटक लागते, असं ती स्पष्ट लिहिते. १९५६ मध्ये व्हॅटिकनने हे पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं. सार्त्र त्या यादीत आठ वर्षं आधीच जाऊन बसला होता.

काम्यूबद्दल थोडक्यात. तो स्वतःला अस्तित्ववादी म्हणवत नसे. अल्जीरियातलं गरीब घर, बाप १९१४ च्या युद्धात गेलेला, सतराव्या वर्षी क्षय. शिळा पुन्हा पुन्हा डोंगरावर चढवणाऱ्या त्याच्या सिसिफसचं नाव आपल्याकडे फार घेतलं जातं. नवख्यासाठी १९४७ ची ‘द प्लेग’ मला जास्त उपयोगी वाटते. ओरान शहरात साथ येते, आणि एक डॉक्टर रोज सकाळी उठून रोगी तपासायला जातो. साथ का आली याचं उत्तर त्याच्याजवळ नाही, जिंकण्याची खात्री नाही, स्वर्गाची आशा नाही. तरी जातो. १९५२ मध्ये सार्त्रचं आणि काम्यूचं जाहीर भांडण झालं आणि दोस्ती तुटली. मुद्दा होता सोव्हिएत छळछावण्या आणि क्रांतीच्या नावाखालची हिंसा. त्या मुद्द्यावर काम्यू बरोबर होता, असं आज म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे हे वारं आलं ते मुख्यतः साहित्यातून. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली आणि समीक्षकांनी तिच्या नायकाला, पांडुरंग सांगवीकरला, अस्तित्ववादाच्या चौकटीत बसवायला सुरुवात केली. एकाकीपण, तुटलेपण, निरर्थकता हे शब्द परीक्षणांत रुजले. त्या कादंबरीतलं बहिणीच्या मृत्यूचं प्रकरण कुठल्याही वादाच्या आधाराशिवाय उभं राहतं, हा भाग वेगळा. माझी तक्रार समीक्षेबद्दल आहे. या विचाराची अर्धी बाजू, म्हणजे अर्थ तयार मिळत नाही ही, आपण हौसेने उचलली. दुसरी अर्धी, म्हणून तो करण्याची जबाबदारी तुझी, ही पॅरिसलाच राहिली. राजकारणात, जातीच्या प्रश्नात, घरातल्या बाईच्या प्रश्नात या तत्त्वज्ञानाचा उपयोग आपण जवळजवळ केलाच नाही. खरं तर ‘आमच्यात असंच असतं’ हे वाक्य ज्या समाजात रोज ऐकू येतं, तिथे त्याला भरपूर काम होतं.

शेवटी, घरी जाऊन काय वाचायचं ते सांगतो, कारण हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. सार्त्रच्या १९४३ च्या ग्रंथाला हात लावू नका. सातशेहून जास्त पानं आहेत आणि पन्नासाव्या पानावर बहुतेक जण सोडतात. ‘द प्लेग’पासून सुरुवात करा. मग सार्त्रचं १९४५ चं व्याख्यान, ते एका संध्याकाळचं काम आहे. आणि त्यानंतर ‘द सेकंड सेक्स’. करुणा गोखले यांनी ते मराठीत आणलं आहे. तुमच्या वाचनालयात मागा. नसेल तर मागवायला लावा.